उभं राहून मोजलेलं प्रेशर

मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयात मी नर्स होते. निवृत्त होऊन तारोडीच्या घरी कायमची राहायला आले तेव्हा वाटलं होतं, पट्टा आणि स्टेथो आता कपाटात जातील. तसं काही झालं नाही. गावात ‘सिस्टर’ हे नाव एकदा चिकटलं की सुटत नाही. आमचं तारोडी-डोंगरी मीरा-भाईंदरच्या हद्दीत असलं, तरी जरा मोठं दुखणं आलं की मोर्वा, राई, मुर्धा मागे टाकत भाईंदर गाठावं लागतं. त्यामुळे आधी सिस्टरच्या ओट्यावर हात पुढे करून बसायचं, मग पुढचं ठरवायचं, अशी इथली रीत पडली आहे.

सगळे एकच विचारतात, “किती आहे?” आकडा ऐकला की कोणी खूश होऊन घरी जातं, कोणी धास्तावून. मला मात्र त्या एका आकड्यावर फारसा भरवसा ठेवावासा वाटत नाही. तो त्या घटकेचा असतो. तुम्ही उठलात, जेवलात, खोकलात, कोणावर चिडलात, की मेंदू तो बदलतो, आणि बदलायलाच हवा. प्रेशर किती आहे हे तर बघायचंच, पण मेंदूला ते सांभाळता येतंय का, हेही बघायचं. वॉर्डात आणि ओट्यावर मिळून जे शिकले ते खाली लिहिलं आहे. क्रमाला फार अर्थ नाही, जसं आठवलं तसं.

१. बसून घेतलेलं प्रेशर ही अर्धीच माहिती

आमच्याकडे शेती आता थोडी उरली आहे. पण ज्यांनी भाताची लावणी केली आहे त्यांना हे सांगायला नको: तासभर वाकून रोपं लावल्यावर कंबर सरळ केली की क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. मग आपोआप जाते. जाते ती मेंदूमुळे.

माणूस उभा राहिला की अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या आणि पायांच्या शिरांत उतरतं. हृदयाकडे परत येणारं रक्त कमी झालं, म्हणजे प्रत्येक ठोक्याला बाहेर पडणारंही कमी. गळ्यातल्या मोठ्या धमनीला, म्हणजे कॅरॉटिडला, जबड्याखाली जिथे फाटा फुटतो तिथे ती किंचित फुगीर असते. त्या भिंतीत ताण ओळखणारी नसांची टोकं आहेत. तशीच टोकं हृदयातून निघणाऱ्या महाधमनीच्या कमानीत आहेत. भिंत कमी ताणली गेली की तिथून मेंदूकडे जाणारे संदेश विरळ होतात. ते पोचतात मेडुलात, मेंदूच्या अगदी खालच्या भागात, जिथून पुढे मज्जारज्जू सुरू होतो. मेडुला मग दोन कामं करतो. नाडी आवरून धरणाऱ्या व्हेगस नसेची हृदयावरची पकड सैल करतो, त्यामुळे एक-दोन ठोक्यांतच नाडी वाढते. आणि सिम्पथेटिक नसांकरवी रक्तवाहिन्या आवळून घेतो; याला काही सेकंद लागतात. मधल्या त्या सेकंदांतली ती अंधारी.

एक गोष्ट मला शिकताना फार गमतीची वाटली होती. हृदयाला कोणत्याही नसेचा हुकूम नसेल तर ते मिनिटाला साधारण १०० ठोके देतं. आपण निवांत बसलो असताना नाडी ७० लागते, कारण व्हेगस तिला सतत आवरून धरते. म्हणजे उठताना नाडी वाढते ती आधी कोणी हाकलल्यामुळे नाही, धरलेलं सोडल्यामुळे.

वय झालं की धमन्या कडक होतात. कडक भिंत ताणली जात नाही, मग तिथल्या टोकांना बदल कळतच नाही. त्यात म्हातारी माणसं पाणी कमी पितात, आणि प्रेशरच्या, प्रोस्टेटच्या, झोपेच्या गोळ्या घेतात. आमच्या आळीतल्या एका आजींना सगळे सांगत होते, प्रेशर झकास आहे. पण सकाळी मोरीकडे जाताना त्या पडायच्या. पाय अडखळला असेल, चटई सरकली असेल, असं घरच्यांना वाटायचं. बसून मोजलं तर १३६/८०. उभं करून तिसऱ्या मिनिटाला मोजलं तर १०४/६२. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचं प्रेशर २० किंवा खालचं १० ने उतरलं, तर त्याला दुखणं म्हणायचं, असा डॉक्टरांचा ठरलेला नियम आहे. आजींचं ३२ ने उतरत होतं. सुनेने ते आकडे डॉक्टरांना दाखवले, त्यांनी गोळ्या आणि त्यांच्या वेळा बदलल्या. चटईचा काही दोष नव्हता.

अशा माणसाने जाग आल्यावर आधी खाटेच्या कडेला पाय सोडून बसावं, घोटे वर-खाली हलवावेत, पेलाभर पाणी प्यावं, मग काहीतरी धरून उठावं. उठल्यावर चार पावलं टाकायच्या आधी तिथेच मिनिटभर थांबावं.

२. चक्कर येऊन पडणाऱ्याला उभं धरू नका

सकाळच्या चर्चगेट लोकलमध्ये, भाईंदर आणि बोरिवलीच्या मध्ये, हे मी नोकरीभर पाहिलं आहे. एखादी मुलगी पांढरीफटक पडते, घाम सुटतो, मान टाकते. गर्दी इतकी की ती पडतच नाही. दोघीतिघी तिला काखेत धरून उभी ठेवतात, कोणी तोंडावर पाणी मारतं, कोणी कांदा शोधतं, कोणी चप्पल हुंगवायला काढतं. सगळ्यांचं मन चांगलं असतं, आणि नेमकं करू नये ते होतं.

काय घडतं ते बघा. उपाशीपोटी, उकाड्यात, न हलता उभं राहिलं की रक्त पायांत साचत जातं. काही माणसांत अशा वेळी, किंवा रक्त पाहून, इंजेक्शनच्या सुईने, जबर दुखण्याने, मेंदू उलटाच हुकूम देतो. नाडी वाढवायची तिथे व्हेगस ती मंद करते, आणि आवळलेल्या रक्तवाहिन्या एकदम सैल पडतात. प्रेशर धाडकन उतरतं. डोक्याला काही सेकंद रक्त पुरत नाही, शुद्ध जाते. पण माणूस जमिनीवर आडवा झाला की पायांतलं रक्त हृदयाकडे परत येतं आणि शुद्ध येते. पडणं हाच इथे इलाज आहे. उभं धरून ठेवलं तर तो इलाज आपणच अडवतो. बराच वेळ धरून ठेवलं तर हातपाय झटकेही देतात, मग लोक फिट आली म्हणून आणखी घाबरतात.

तेव्हा आडवं करा. बायकांनो, सीटवरच्या चौघी उठा आणि तिला झोपवा. पाय वर धरा, गळ्याशी आवळलेलं काही असेल तर सैल करा, पूर्ण शुद्ध येईपर्यंत तोंडात पाणी घालू नका.

आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या लांब उपासनेत किंवा ८ सप्टेंबरच्या आसपास उत्तनला वेलंकनी मातेच्या सणाला रांगेत दर वर्षी कोणीतरी पडतंच. वेदीवर सेवा करणाऱ्या पोरांना मी शिकवून ठेवलं आहे: जांभया यायला लागल्या, मळमळलं, कान सुन्न झाले, की तिथेच एका पायावर दुसरा पाय आडवा घालून मांड्या घट्ट आवळायच्या, मुठी दाबायच्या. स्नायू आवळले की त्यातल्या शिरांमधलं रक्त वर ढकललं जातं. नाहीच जमलं तर लाज सोडून खाली बसायचं. फादर रागावत नाहीत.

ही चक्कर बहुतेकांना निरुपद्रवी असते. पण धावताना किंवा जिना चढताना शुद्ध गेली, छातीत दुखलं किंवा धडधडलं, काहीच सूचना न देता माणूस कोसळला, घराण्यात कोणी तरुणपणी अचानक गेलेलं असेल, तर तिला साधी चक्कर म्हणू नका. ईसीजी काढाच. आणि आडवं करूनही मिनिट-दोन मिनिटांत शुद्ध आली नाही तर १०८.

३. रात्री लघवीला उठलात तर बसून करा

हे पुरुषांसाठी. सांगितलं की मामालोक हसतात. पण झोपेत प्रेशर उतरलेलं असतं, अंथरुणाच्या उबेने रक्तवाहिन्या सैल असतात, त्यात झटकन उठून उभं राहायचं, आणि भरलेली पिशवी रिकामी होताना प्रेशर आणखी खाली येतं. बाथरूमच्या लादीवर डोकं आपटून कपाळाला टाके पडलेली किती माणसं कॅज्युअल्टीत पाहिली, त्याची गणती नाही. प्रोस्टेटची गोळी नवीन सुरू झाली असेल, किंवा संध्याकाळी एखादा पेग झाला असेल, तर धोका वाढतो. कमोडवर बसा. कोणी बघायला येत नाही.

४. जड जेवून लगेच उठू नका

रविवारचं मटण आणि वडे जेवल्यावर पोटाच्या रक्तवाहिन्यांकडे पुष्कळ रक्त वळतं. तरुणांच्या नसा त्याची भरपाई करतात, म्हाताऱ्यांच्या करतातच असं नाही. पुढच्या दोन तासांत त्यांचं प्रेशर बरंच उतरू शकतं. थोडं थोडं, दोनदा खा. बस्स, एवढंच.

५. कुंथणं हा हृदयावरचा प्रयोग आहे

श्वास कोंडून जोर केला की छातीतला दाब वाढतो आणि हृदयाकडे येणारं रक्त अडतं. प्रेशर उतरू लागतं, नाडी वाढते. जोर सोडला की अडलेलं रक्त एकदम येतं, प्रेशर उसळतं, आणि मेंदू लगेच व्हेगसकडून नाडी मंद करवतो. काही सेकंदांत एवढी उलथापालथ. चांगलं हृदय ती सोसतं. अटॅक येऊन गेलेल्या पेशंटच्या कागदावर पोट साफ होण्याचं सौम्य औषध रोज का लिहिलेलं असतं, हे नातेवाईक नेहमी विचारतात. हे त्याचं उत्तर.

याच्याशी जोडलेली एक गोष्ट आहे. हृदय थांबवून दाखवतो म्हणणाऱ्या योग्यांच्या कथा आपल्याकडे खूप. आसनं करताना प्रेशरचं काय होतं हे मोजून बघायचा प्रघात स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला १९२४ साली कैवल्यधाम काढलं तेव्हापासूनचा. पुढे १९५७ मध्ये वेंगर आणि बागची हे दोन संशोधक अमेरिकेहून आले आणि दिल्लीच्या एम्सच्या डॉ. बी. के. आनंद यांच्याबरोबर त्यांनी अशा योग्यांना ईसीजीच्या तारा लावल्या. त्यांचा लेख १९६१ साली ‘सर्क्युलेशन’मध्ये आला. मनगटाची नाडी हाताला लागेनाशी झाली, स्टेथोने आवाजही ऐकू येईनात, पण ईसीजीवर ठोके चालूच होते. श्वास कोंडून आणि छाती-पोटाचे स्नायू आवळून ते हृदयाकडे येणारं रक्त अडवत होते. म्हणजे शौचाला बसून कुंथणारा जे करतो तेच, फक्त फार सरावाने आणि जाणूनबुजून. मला यात त्या योग्यांची थट्टा करावीशी वाटत नाही. स्वतःच्या शरीरावर एवढा ताबा मिळवणं सोपं नाही. पण हृदय थांबवलं म्हणणं खोटं.

६. प्रेशरबरोबर नाडीही लिहा

मशीनवर खाली तिसरा आकडा येतो, तो कोणी बघत नाही. उभं राहिल्यावर प्रेशर उतरलं आणि नाडी चांगलीच वाढली, तर मेंदू आपलं काम करतोय, पण अंगात पाणी कमी आहे: जुलाब, ताप, उन्हातलं काम, किंवा कुठेतरी आत रक्त जातंय. प्रेशर उतरलं आणि नाडी जागची हललीच नाही, तर हुकूमच पोचत नाहीये. (नाडी मंद ठेवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर हा हिशेब लागू नाही, आधी ते विचारा.)

हुकूम न पोचण्याचं आपल्याकडचं मोठं कारण म्हणजे जुना मधुमेह. साखर वर्षानुवर्षं चढलेली राहिली की पायांच्या नसांबरोबर आतल्या नसाही झिजतात. व्हेगस आधी कमजोर होते, म्हणून असा माणूस निवांत बसलेला असतानाही नाडी ९५-१०० लागते. त्याला वाटतं चहामुळे असेल. पुढे सिम्पथेटिक नसा गेल्या की उठताना प्रेशर कोसळायला लागतं. याच माणसाला अटॅक आला तर छातीत दुखेलच असं नाही, कारण दुखणं कळवणाऱ्या नसाही त्याच वाटेने गेलेल्या असतात. नुसता घाम, धाप, उलटी. मधुमेहवाल्या घरांनी हे पाठ करून ठेवावं. कंपवाताच्या पेशंटचंही उभं राहिल्यावर प्रेशर असंच पडतं, आणि घरचे समजतात हात थरथरण्यामुळे तोल गेला.

७. गोळीने अशक्तपणा आला म्हणून गोळी सोडू नका

“सिस्टर, गोळी सुरू केल्यापासून अंगातला जीवच गेला. आधी १७० होतं तेव्हा मी दिवसभर काम करत होतो.” हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की माणूस ओट्यावर बसतानाच मला ते ऐकू येतं.

तो खोटं बोलत नाही. प्रेशर फार दिवस चढलेलं राहिलं की गळ्यातली ती ताण ओळखणारी टोकं चढलेल्या आकड्यालाच नेहमीचा धरून चालतात. घरातलं घड्याळ पंधरा मिनिटं पुढे असेल आणि सगळे त्याच्यावरच चालत असतील, तर वेळेवर आलेला माणूसही त्या घरात उशिरा आलेलाच ठरतो. तसंच इथे होतं. १७० ला सरावलेल्या मेंदूला १३० म्हणजे संकट वाटतं, आणि तो नाडी वाढवून, रक्तवाहिन्या आवळून प्रेशर पुन्हा वर न्यायला बघतो. म्हणून सुरुवातीचे काही आठवडे गळून गेल्यासारखं होतं. मेंदू नव्या आकड्याला सरावला की ते कमी होतं. डॉक्टर हळूहळू डोस वाढवतात ते याचसाठी, त्यांना घाई नसते म्हणून नाही. आणि काही गोळ्या अशा आहेत की एकदम सोडल्या तर प्रेशर आधीपेक्षाही वर उसळतं.

गोळ्यांना नावं ठेवणाऱ्यांना मी डॉ. रुस्तम जाल वकील यांची गोष्ट सांगते. आपल्या मुंबईच्या केईएममधले हृदयरोगतज्ज्ञ. त्यांच्या तरुणपणी चढलेल्या प्रेशरवर म्हणण्यासारखं औषधच नव्हतं. बिनमिठाचा भात खायला घालायचे, नाहीतर ऑपरेशन करून सिम्पथेटिक नसाच कापायचे. वैद्यांना सर्पगंधेची मुळी शतकानुशतकं माहीत होती. कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली लिहिलं होतं की तिने प्रेशर उतरतं. पण जगाने ऐकलं ते वकिलांचं. त्यांनी आपल्या पेशंटवरच्या अनुभवाचा व्यवस्थित अभ्यास १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापला. तो वाचून बॉस्टनच्या डॉक्टरांनी ती मुळी मागवली. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीने तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढलं. १९५७ साली वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला.

रेसर्पिन करतं काय? सिम्पथेटिक नसांच्या टोकाशी नॉरअॅड्रेनॅलिनचा साठा असतो, तो रिकामा करतं. मेंदू हुकूम पाठवतो, पण रक्तवाहिनीपर्यंत तो पोचवायला टोकाशी काहीच उरलेलं नसतं. प्रेशर उतरतं. पण मग नाक चोंदतं, नाडी मंद होते, उठताना गरगरतं, आणि मेंदूतलेही साठे रिकामे होत असल्याने काही माणसं फार उदास होत. म्हणून ते औषध मागे पडलं. आजच्या गोळ्या त्याहून पुष्कळ सौम्य आहेत. अजूनही कोणी विचारतं, “ती मुळीच उगाळून घेतली तर?” नका घेऊ. मुळीत औषध किती आहे हे मुळी बघून कळत नाही.

आणि हो, सुके बोंबील. उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूंवर सुकणारे बोंबील बघून तोंडाला पाणी मलाही सुटतं. पण खारवलेली मासळी आणि लोणचं रोज खाऊन वर गोळीला दोष देणं बरं नव्हे.

८. मान मोडून घेऊ नका

सलूनमध्ये दाढीनंतर मानेला झटका देतात, जबड्याखाली अंगठे दाबून मालिश करतात. तिथेच ती कॅरॉटिडची फुगीर जागा आहे. गळा दाबला की नाडी मंद होते हे डॉक्टरांना आधीपासून माहीत होतं. ते व्हेगस नस चेपली जाते म्हणून होत असणार, असं ते धरून चालले होते. १९२० च्या दशकात जर्मन शरीरशास्त्रज्ञ हेरिंग याने दाखवून दिलं की कारण ही फुगीर जागा आहे. बाहेरून दाबलं की मेंदूला वाटतं आत प्रेशर चढलं, आणि तो नाडी मंद करतो. काही म्हाताऱ्यांत ती जागा इतकी हळवी असते की घट्ट कॉलरने किंवा मान वळवण्यानेही काही सेकंद ठोके थांबतात. शिवाय त्या धमनीत चरबी साचलेली असेल तर दाबण्याने तुकडा सुटून मेंदूकडे जाऊ शकतो. पन्नाशीनंतर न्हाव्याला सांगा, डोक्याला तेल लाव, मानेला हात लावू नकोस.

९. रोझरी सावकाश म्हणा

हे मी भक्तीपोटी सांगतेय असं वाटेल, पण आधार वेगळा आहे. इटलीत बर्नार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २३ निरोगी माणसांकडून लॅटिनमधली रोझरी आणि एक योगमंत्र म्हणून घेतला. तो अभ्यास २००१ च्या डिसेंबरात ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. दोन्हींत श्वास मिनिटाला सुमारे ६ वर आला. एरवी आपण १२ ते १८ वेळा घेतो. श्वास आत घेताना नाडी किंचित वाढते, सोडताना कमी होते. मनगटावर बोट ठेवून कोणीही बघू शकतं. प्रेशरच्याही साधारण दहा सेकंदांच्या बारीक लाटा असतात. श्वास त्याच तालावर आला की प्रेशर ओळखून नाडी बदलण्याची मेंदूची ती सवय जास्त तल्लख होते, असं त्यांना दिसलं.

आमच्याकडे मे आणि ऑक्टोबरात संध्याकाळी क्रुसाजवळ रोझरी असते. एकाने अर्धी म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली. दुसऱ्याचं ऐकताना श्वास आत, आपलं म्हणताना बाहेर. सावकाश म्हटली तर ती लय बरोबर बसते. पण मालिका सुरू व्हायची वेळ झाली की आमच्या बाया अशी पळवतात की श्वास घ्यायलाही जागा राहत नाही. त्याचा नाडीला उपयोग शून्य, बाकीचं देव बघेल. हरिपाठ म्हणणाऱ्यांनाही हेच सांगेन. गोराईच्या पॅगोडात विपश्यनेला जाऊन आलेले मला म्हणतात, तिथे श्वास मुद्दाम लांबवायला सांगत नाहीत, नुसता बघायला सांगतात. तेही चांगलंच, पण तो वेगळा अभ्यास. आणि यातलं काहीही गोळीच्या ऐवजी नाही.

१०. डोक्याला मार लागला आणि नाडी मंद झाली, तर एक मिनिट घालवू नका

बाकी सगळ्या गोष्टी सावकाशीच्या आहेत, ही नाही. जखमी माणसाचं रक्त जात असेल तर नाडी जलद आणि प्रेशर कमी, हे सगळ्यांना ठाऊक असतं. उलटं दिसलं तर लोक निर्धास्त होतात. बाईकवरून पडलेला पोरगा, डोक्याला फक्त टेंगूळ, थोडा झोपाळलेला, नाडी ५० आणि प्रेशर १९०. “नाडी शांत आहे, झोपू दे,” असं वॉर्डाबाहेर एका बापाला म्हणताना मी ऐकलं आहे. कवटीच्या आत रक्त साचून दाब वाढला की मेंदूला त्याचं स्वतःचं रक्त मिळेनासं होतं. तो जिवाच्या आकांताने सगळ्या रक्तवाहिन्या आवळतो, प्रेशर चढवतो. गळ्यातली टोकं ते चढलेलं प्रेशर ओळखतात आणि नाडी मंद करवतात. पुढे श्वास वेडावाकडा होतो. हार्वे कुशिंग या शल्यविशारदाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे मांडलं, त्याचंच नाव या लक्षणाला आहे. ही फार पुढची पायरी आहे. उलटी, वाढती गुंगी, एक बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही दिसलं की सीटी स्कॅनची सोय असलेलं इस्पितळ गाठा. जवळचा दवाखाना आहे म्हणून तिथे तासभर बसू नका.

११. घरी मोजायचं तर असं

अर्धा तास आधी चहा, मिशेरी, तंबाखू नाही. लघवी करून या. पाठ टेकून, पाय जमिनीवर सपाट ठेवून पाच मिनिटं गप्प बसा. पट्टा उघड्या दंडावर, दंड हृदयाच्या उंचीला. मोजताना बोलायचं नाही. सुनेचं गाऱ्हाणं सांगता सांगता मोजलेलं प्रेशर चढलेलंच येतं. दवाखान्यात पांढरा कोट बघून काहींचं चढतं, तेही मेंदूचंच काम, म्हणून घरचे आकडे डॉक्टरांना हवे असतात.

मग उठा, आणि पट्टा तसाच ठेवून एका मिनिटाने आणि तीन मिनिटांनी पुन्हा मोजा. शेजारी कोणीतरी उभं हवं. प्रत्येक वेळी वरचं, खालचं, नाडी आणि वेळ कागदावर लिहा. सकाळी उठल्यावर एकदा आणि गोळीनंतर तासा-दोन तासांनी एकदा, असं आठवडाभर करा. घरात साठीच्या पुढचं, मधुमेहाचं, किंवा प्रेशरच्या एकाहून जास्त गोळ्या घेणारं कोणी असेल तर त्यांचा असा कागद करून पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या हातात द्या. गोळी स्वतः कमी करू नका, स्वतः वाढवूही नका. आणि डॉक्टरांनी आपणहून उभं करून मोजलं नाही, तर तुम्ही मागा.